पसरणी चढा, आंबेनळी उतरा: लाव्ह्याच्या थरांतला एक दिवस

हवाई बेटावरच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात 'चेन ऑफ क्रेटर्स' नावाचा रस्ता आहे. किलौएआ ज्वालामुखीच्या माथ्यावरून निघून तो सुमारे ३० किलोमीटरमध्ये १,१०० मीटर उतरतो आणि समुद्रापाशी संपतो. जागोजागी गाडी लावायची सोय, माहितीचे फलक, हातात नकाशा. वाटाड्याची गरज पडत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जाणारा रस्ता साधारण ४० किलोमीटरचा, आणि उतार तेराशे मीटरच्या आसपास. आपल्याकडे फलक असतात ते पुढच्या धोक्याच्या वळणाचे, नाहीतर भाजलेल्या कणसाचे. तरीही खडक वाचायचा असेल तर आपला रस्ता सरस. तिथे गाडी लाव्ह्याच्या वरून धावते, इथे लाव्ह्याच्या आतून. हवाईत दिसते ती नुसती साय. साताऱ्यात खरवसाची वडी कापावी तसा सगळा ढीग उभा कापलेला आहे.

दख्खनच्या लाव्ह्याचा हा ढीग रचला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आज तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. थर जवळजवळ आडवे आहेत, दक्षिणेकडे एक अंशाहूनही कमी कललेले. म्हणून वाई-महाबळेश्वर परिसरात उंची हेच कॅलेंडर: घाट चढलात की अलीकडच्या काळात येता, उतरलात की मागे जाता. हा नियम वाई-पाचगणी-महाबळेश्वर-पोलादपूर या एका दिवसाच्या फेरीपुरताच धरायचा. थोडासा कलही शे-दोनशे किलोमीटरमध्ये शेकडो मीटरचा फरक पाडतो, त्यामुळे नाशिकजवळचा हजार मीटर उंचीवरचा थर आणि कोल्हापूरजवळचा त्याच उंचीवरचा थर एका वयाचे नसतात.

उंची मोबाइलवर दिसते, पण ती तपासून घ्या. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता उपग्रहांच्या हिशेबातल्या पृथ्वीच्या आदर्श लंबगोल आकारापासूनची उंची दाखवतात. आपल्या भागात तो आकडा खऱ्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी येतो. वाई साधारण ७२० मीटरवर आहे. गावात ॲप ६५० दाखवत असेल तर हीच भानगड आहे. तेवढा फरक दिवसभर मिळवत जा.

या फेरीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाने कापलेले कडे धुऊन निघालेले असतात आणि गवत वाळू लागल्याने थर उघडे दिसतात. पावसाळ्यात धबधबे थरांच्या पायऱ्या झकास दाखवतात खरे, पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि दरडींचा भरवसा नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचून बंद पडला होता. सोबत दहापट हातभिंग, लोखंडी खिळा, चुंबक, औषधाच्या ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर आणि भरपूर पाणी घ्या. पाणी पिण्यासाठी आणि खडकावर मारण्यासाठीही. कोरडा बेसाल्ट, म्हणजे या लाव्ह्याचा गोठलेला खडक, सगळा करडा दिसतो, ओला झाला की त्यातले फरक उमटतात. हातोडा घरीच ठेवा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि घाटात कापलेल्या डोंगराला ठोका मारणं म्हणजे डोक्यावरचा दगड सुटण्याचं निमंत्रण.

पहिला थांबा घाट सुरू होण्याआधी, वाईच्या आसपास, कुठूनही डोंगर मोकळे दिसतील असा. उन्हं तिरपी असताना पांडवगडाच्या किंवा वैराटगडाच्या बाजूला बघा. उभा काळा कडा, मग गवताची किंवा झाडीची आडवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. कडा म्हणजे लाव्ह्याच्या थराचा घट्ट गाभा. पट्टी म्हणजे त्याच थराचा ठिसूळ माथा, जिथे झिजून माती साचली आणि झाडांना पाय रोवता आले. या रचनेवरूनच अशा खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ शब्द स्वीडिश, अर्थ जिना.

वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर, आणि चढ पावणेसहाशे मीटरचा. पसरणी घाटात थांबायचं ते रस्ता रुंद असेल तिथेच. वळणावर नको, आणि पुढे झुकलेल्या कड्याखाली तर मुळीच नको. दरीपेक्षा डोंगराकडची बाजू सुरक्षित वाटते, पण सुटे दगड तिकडेच पडतात.

आता कापलेल्या भिंतीसमोर उभे राहा आणि खालून वर वाचा. तळाशी काळा पाषाण, भरीव, भिंगाखाली बारीक दाण्यांचा. त्यात उभ्या भेगा आहेत: लाव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसवरून थंड होताना आकसतो आणि तडकतो, सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा. भेगा नीट जुळून आल्या तर खांब तयार होतात. भिंतीवर नजर वर नेली की एका उंचीपासून खडकात भोकं दिसू लागतात, आधी तुरळक, मग गर्दी. लाव्ह्यात विरघळलेली वाफ आणि वायू वर सरकले आणि वरच्या कवचाखाली अडकले, त्यांचे हे बुडबुडे. बऱ्याच बुडबुड्यांत पुढे पाण्यातून आलेली पांढरी किंवा हिरवट खनिजं भरली. विहिरी खोदणारे या ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात, आणि तो लागला की पहारीला काम सोपं जातं हे त्यांना भूगर्भशास्त्र न वाचताही ठाऊक असतं.

एवढा जाड थर एका लोंढ्यात आला असेल असं वाटतं, पण बहुतेकदा तसं होत नाही. लाव्हा पुढे सरकला की त्याची वरची बाजू लगेच आवळून पापुद्रा धरते. आत ओतणं मात्र चालूच असतं, त्यामुळे थर आतून फुगत जातो. तव्यावरची भाकरी फुगते तसंच. फक्त इथे पापुद्रा उचलायला वाफ नाही, वितळलेला खडक असतो. आधी मीटर-दीड मीटर जाडीची जीभ, आणि ओतणं थांबेपर्यंत तिचा दहा-वीस मीटरचा थर.

बुडबुड्यांतलं पांढरं काय आहे ते ओळखायला खिळा आणि व्हिनेगर पुरतं. सुटून पडलेला तुकडा घ्या, खिळ्याने खरवडा, भुकटीवर एक थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. खिळ्याचा ओरखडाच उठला नाही तर गारगोटीच्या कुळातलं. ओरखडा उठला, फसफसलं नाही, आणि पृष्ठभागाला मोत्यासारखी झाक असेल, तर बहुधा झिओलाइट कुळातलं खनिज: स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट. थेंब भुकटीवरच पडला पाहिजे. सबंध खड्यावर व्हिनेगर इतकं हळू काम करतं की माणूस 'नाही' म्हणून पुढे जातो.

या भिंतींवर हमखास होणाऱ्या तीन चुका. भिंतीवर दोन बोटं रुंदीच्या, सरळ, समांतर, अर्ध्या नळीसारख्या खाचा दिसतात. त्या लाव्ह्याच्या खांबांच्या नाहीत. रस्ता करताना सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांचे ते अर्धे उरलेले भाग आहेत. दुसरी: कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे बघून लोक त्यांना ज्वालामुखीने उडवलेले गोळे समजतात. भेगांतून पाणी शिरून चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, म्हणून तो गोल होतो. त्याच्या भोवतालचा भुगा म्हणजेच मुरूम. तिसरी चूक तांबड्या रंगाची. वरच्या मातीतून ओघळलेला तांबडा डाग आणि खडकातली खरी तांबडी पट्टी यांत गल्लत होते. डाग उभा ओघळतो. पट्टी आडवी असते, आणि पुढच्या वळणावर त्याच उंचीला पुन्हा भेटते.

ती तांबडी पट्टी सापडली की तिथे वेळ काढा. कुठे वीतभर, कुठे कमरेएवढी. हात लावला तर बोटाला गेरू लागतो. भूवैज्ञानिक तिला 'रेड बोल' म्हणतात. खालचा थर गोठला, उघडा पडला, ऊनपावसात कुजून त्याची माती झाली, कधी दूरच्या स्फोटांची राख तीत पडली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती भाजून काढली. वाईच्या पश्चिमेला कमळगडावर 'गेरूची विहीर' आहे. तिच्या पायऱ्या खडकाच्या चिरेतून खोल उतरतात आणि लाल कावेच्या भिंतींपाशी नेतात. गडावर जाणारे ती बघून येतात, पण तांबडा रंग म्हणजे दोन लाव्ह्यांमधली सुट्टी असू शकते हे सहसा कुणी सांगत नाही.

इथे जाडीवरून काळ मोजू नये. वीस मीटरचा काळा थर साचायला काही महिने ते काही वर्षं पुरतात. त्यावरच्या वीतभर पट्टीला शेकडो किंवा हजारो वर्षं लागलेली असू शकतात. या पट्ट्यांमधल्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात आणि त्यांच्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून वय काढता येतं. २०१५ पासून पश्चिम घाटातल्या अशा पट्ट्यांवरूनच या ढिगाचं वेळापत्रक बसवलं जात आहे. लाव्ह्याचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ओतला गेला, हे त्यातून पक्कं झालं.

पाचगणीला टेबललँडवर खडक बदलतो. काळा जाऊन तांबडा, सच्छिद्र जांभा येतो. हा वेगळा लाव्हा नाही. तोच बेसाल्ट, लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. पठारावरच्या वाळलेल्या ओघळातली वाळू हातात घ्या, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यातून फिरवा. पिशवी न वापरता फिरवलात तर काळे कण पुढे दोन दिवस काढत बसाल. हे बरेचसे मॅग्नेटाइटचे कण. लाव्हा गोठताना खडकातल्या अशाच कणांनी तेव्हाच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. या डोंगरातल्या बहुतेक थरांत ती आजच्या उलट आहे, म्हणजे तेव्हाच्या होकायंत्राने उत्तरेऐवजी दक्षिण दाखवली असती. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत ती पालटून आजच्यासारखी होते.

जांभा स्पंजासारखा पाणी पितो, आणि त्याच्या बुडाची चिकण कुजकट माती ते खाली जाऊ देत नाही. पठारांच्या कडेखाली झरे फुटतात ते यामुळे. जुन्या महाबळेश्वरात कृष्णा उगम पावते ती अशाच मुलखात. तिथून आर्थर सीटला जा, शक्यतो दुपारनंतर, म्हणजे पश्चिमेकडचे कडे उजळतात. सावित्रीच्या दरीपलीकडे थर मोजता येतात, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

इथवर येईपर्यंत गाडीतलं कुणीतरी विचारतंच, की ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? शंकूसारखा डोंगर शोधू नका. हा लाव्हा जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून आला आणि पातळ असल्यामुळे पसरत गेला. किती दूर, तर आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ सापडणारे लाव्ह्याचे थर रासायनिकदृष्ट्या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळतात. अंतर सुमारे १,००० किलोमीटर.

आता आंबेनळी घाट. या उतारावरची नावं जगभरच्या शोधनिबंधांत रूढ आहेत: वरचे सुमारे २८० मीटर महाबळेश्वर गट, त्याखाली सुमारे ५०० मीटर आंबेनळी, त्याखाली पावणेचारशे मीटरच्या आसपास पोलादपूर. एक गट संपून दुसरा कुठे सुरू झाला ते डोळ्यांनी ओळखायचा नाद करू नका, तिन्ही काळेच. फरक आहे स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांत, म्हणजे त्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणात, आणि इतर रसायनांत. पोलादपूरच्या लाव्ह्यात वाटेतल्या भूकवचाची भेसळ बरीच आहे, आंबेनळीचा त्या मानाने स्वच्छ. तुमच्या हातातला पुरावा पुन्हा उंचीच.

ज्या गियरमध्ये हा घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरा, न्यूट्रलवर कधीही नाही. ब्रेकचा जळका वास आला तर रुंद जागा बघून गाडी थांबवा आणि चाकं आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते. थांबाल तिथे तांबड्या पट्टीच्या वरच्या काठाकडे लक्ष द्या. पावसाळा संपून महिने झाले तरी तिथे ओल दिसते. भेगाळ काळ्या खडकातून उतरलेलं पाणी त्या चिकण पट्टीवर अडतं, पट्टी मऊ होते, आणि वरच्या खडकाचा पाया सुटतो. दरड कोसळण्याचं हे एक नेहमीचं कारण.

पोलादपूर गटाच्या आसपासच कुठेतरी मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला डायनोसॉरांच्या अंताशी जोडली जाणारी उल्का आदळली तो क्षण येतो. नेमका कुठल्या उंचीवर, यावर कालमापन करणाऱ्या दोन पद्धतींचं अजून पूर्ण जुळलेलं नाही. पण प्रतापगडच्या फाट्यावरून, कुंभरोशीहून, आणखी खाली गेलात तर पायथ्याकडचे लाव्हे थंड होत होते तेव्हा डायनोसॉर हयात होते, आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेखालचा लाव्हा आला तेव्हा ते नव्हते.

पोलादपूरला घाट संपतो, ढीग संपत नाही. त्याचा तळ बघायला मिळाला तो कोयनेत. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर तिथे जमीन का हलते याचा शोध सुरू राहिला, आणि कऱ्हाडच्या केंद्रीय प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं. १,२४७ मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. मध्ये गाळाचा थर नाही, वाळूचा नाही. पहिला लाव्हा उघड्या कातळावरच येऊन पसरला होता.