रोडटच प्लॉट आणि वेगाचं गणित

संभाजीनगरच्या बीड बायपासचं काम सरळ होतं: जड वाहनांनी शहरात न शिरता महानुभाव आश्रम चौकातून झाल्टा फाट्याकडे निघून जावं. पण रस्ता आला की ‘रोडटच’ प्लॉटला भाव येतो. सातारा-देवळाई वाढलं, दुकानं, मंगल कार्यालयं, अपार्टमेंट थेट रस्त्याला येऊन भिडली, आणि शहर टाळणारा रस्ता शहराच्याच पोटात गेला.

यात धोका नेमका कुठे आहे? ताशी ८० किलोमीटरने जाणारी कार सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साधारण ३६ मीटर लागतात. एकूण ५८. तीच कार ४० च्या वेगात असेल तर २० मीटरमध्ये उभी राहते. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पाव होतं, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आता अपार्टमेंटच्या गेटमधून निघालेला दुचाकीस्वार डोळ्यांसमोर आणा. मागे मुलगी, तिच्या पाठीवर दप्तर. शाळा पलीकडे आणि दुभाजकातली वाट लांब, म्हणून तो कडेकडेने राँग साइड निघतो. त्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. त्या गेटला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

वाहतूक अभियंते वाहनांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात ते बिंदू मोजतात. साध्या चौकात असे ३२, तिठ्यावर ९. महामार्गावर उघडणारं प्रत्येक गेट म्हणजे नवा तिठाच. दुभाजक अखंड ठेवला आणि फक्त डावीकडून आत, डावीकडे बाहेर एवढीच मुभा दिली, तर हे बिंदू दोनवर येतात.

म्हणून घरं आणि दुकानं एकमेकांपासून तोडावीत असं मला मुळीच वाटत नाही. दळण, औषधं, शाळा पाच-सात मिनिटांच्या चालीवर असली की गाडी काढावीच लागत नाही. फक्त ही सरमिसळ रस्त्याच्या कडेने लांबवर पसरण्याऐवजी आत, खोलवर जायला हवी: आधी सर्व्हिस रोड, मग गोदामं, शोरूम, ऑफिसं, आणि त्यांच्या मागे वस्ती. आवाजाचं गणितही हेच सांगतं. अखंड वाहतुकीचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. २५ मीटरवरचं घर २०० मीटरवर नेलं तरी घट साधारण ९ डेसिबलच. रात्री निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नुसत्या अंतराने ती गाठणं अवघड. मध्ये सलग इमारतींची रांग आडवी आली तर मागे चांगली आवाज-सावली पडते.

पार्किंगही वाटून घेता येतं. ऑफिसं सुटल्यावर तीच जागा लॉन्सवरच्या रिसेप्शनला चालते.

समृद्धी महामार्गावर मधूनच शिरता येत नाही, त्यामुळे तिथे रोडटचला तसा अर्थ उरत नाही. वाढ होणार ती इंटरचेंजभोवती, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या ठरावीक जागांभोवती. संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांसाठी ही मोठी संधी आहे, पण शेतं गुंठ्यागुंठ्याने तुटायच्या आधी आतले रस्ते आणि नाले नकाशावर पक्के व्हायला हवेत. त्यासाठी १९६६ च्या नगररचना कायद्यातच नगररचना योजनेची तरतूद आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, शाळा, मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि प्रत्येक मालकाला आकाराने लहान पण रस्ता लागलेला नीट प्लॉट परत द्यायचा. मग आतल्या शेतकऱ्यालाही भाव मिळतो.