आवरायला किती दिवस, बांधायला किती तास

घर हलवायचं ठरलं की आधी मुहूर्त बघितला जातो, मग टेम्पो. बांधाबांधीला किती वेळ लागेल हा प्रश्न त्यानंतर येतो आणि घरातलं कोणीतरी लगेच सांगून टाकतं, "दोन दिवसांत होतंय की." हे उत्तर चुकीचं नाही. सामान खोक्यांत भरून दोरी आवळायला दोन दिवस खरंच पुरतात. पण खोक्यात काय जाणार आणि काय नाही, हे ठरवायचा वेळ त्यात कोणी धरलेला नसतो. टेम्पो दारात येतो तेव्हा अर्धं घर फरशीवर पसरलेलं असतं, ते याच कारणाने.

कामं दोन आहेत. आवराआवर म्हणजे न्यायचं, द्यायचं, भंगारात घालायचं की टाकायचं याचा निर्णय. बांधाबांध म्हणजे जे न्यायचं ठरलं ते वाटेत फुटणार नाही, सांडणार नाही असं बंद करणं. दोन्ही त्याच खोलीत चालतात, तीच माणसं करतात आणि दोन्हींत पसारा होतो, म्हणून एकच वाटतात. त्यांना लागणारा वेळ मात्र पूर्ण वेगळ्या प्रकारचा असतो, आणि माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की त्यांचा हिशेब वेगवेगळ्या कागदावर मांडा. एकाचा तासांत, दुसऱ्याचा आठवड्यांत.

बांधाबांध मोजता येते. पुस्तकांचं खोकं दहा-पंधरा मिनिटांत भरतं. कपड्यांना त्याहून कमी लागतं. कपबश्या, काचेच्या बरण्या, देवघरातल्या काचेच्या तसबिरी यांच्या एका खोक्याला अर्धा ते पाऊण तास धरावा, कारण एकेक वस्तू कागदात गुंडाळावी लागते, बश्या आडव्या न रचता उभ्या लावाव्या लागतात आणि मधल्या फटी चिंध्यांनी भरून खोकं हलवून बघावं लागतं. आत खडखडलं की पुन्हा उघडायचं. दोन बेडरूमच्या भरल्या संसाराची ४० ते ६० खोकी होतात. ५० खोकी, सरासरी २० मिनिटं, म्हणजे १६-१७ तास. पलंग सोडणं, कपाटं रिकामी करणं, गाद्या गुंडाळणं याचे आणखी चार-पाच. एकूण २०-२२ तासांचं काम दोघांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला ११ तास. "दोन दिवसांत होतंय" हे इथून येतं, आणि इथपर्यंत ते बरोबरही आहे.

आवराआवर अशी खोक्यांवर मोजता येत नाही. तिच्यासाठी घरातल्या बंद जागा मोजाव्यात: कपाटाचे कप्पे, ड्रॉवर, ट्रंका, दिवाणाखालची पोकळी, जिन्याखालचा कोनाडा, माळा. फ्रिज, टीव्ही, पलंग यांच्याबद्दल ठरवायचं काही नसतं, ते येणारच. अंदाज चुकतो तो यामुळेच. आपण हॉलमध्ये उभं राहून नजर फिरवतो आणि दिसतं तेवढ्याचा हिशेब करतो, आणि वेळ खाणारं सगळं दाराआड असतं. दोन बेडरूमच्या घरात अशा २०-२५ बंद जागा सहज निघतात. एका बैठकीला एक जागा, आणि बैठक दोन तासांच्या वर नको. त्यानंतर डोकं दमतं आणि माणूस एक तर सगळंच ठेवायला लागतो किंवा सगळंच फेकायला. रोज संध्याकाळी एक आणि रविवारी दोन-तीन अशा गतीने तीन आठवडे लागतात.

सोलापुरातल्या मंगळवार पेठेतल्या किंवा साखर पेठेतल्या जुन्या घराचा माळा घ्या. वर पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, लग्नातल्या पराती, पूर्व भागातलं विणकराचं घर असेल तर एखादा जुना धोटा आणि कांड्यांची पिशवी, आणि कोपऱ्यात कागदांची पत्र्याची पेटी. ही सगळी पेटी खोक्यात ठेवायला दोन मिनिटं लागतात. उघडली तर घरपट्टीच्या पावत्या, मुदत संपलेल्या विम्याच्या पॉलिशी, गावाकडच्या जमिनीचे सातबारा उतारे, कोणाची तरी दहावीची मार्कलिस्ट, आणि मधेच ज्या खरेदीखताची प्रत सगळे शोधत होते ती. प्रत्येक कागद उलगडून, वाचून, कोणत्या गठ्ठ्यात घालायचा ते ठरवावं लागतं. पेटी तीच, पण तिच्यापायी अख्खी संध्याकाळ जाते.

सगळ्यात मोठा फरक माणसांच्या संख्येचा आहे. बांधाबांधीला हात वाढले की वेळ घटतो. दोन भाचे आणि शेजारचा एक मुलगा आला तर दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकतं, कारण त्यांना विचार करायचा नसतो. आवराआवरीला माणसं वाढली की वेळ वाढतो. प्रत्येक वस्तूला आता तीन मतं असतात. शिवाय ज्याची वस्तू त्यानेच ठरवावं लागतं. आजींची ट्रंक सुनेने परस्पर आवरली तर ते मनाला लागतं, आणि ते लागणं योग्यच आहे. "असू दे की, ते काय खायला मागतंय का," असं त्या म्हणणार हे गृहीत धरून त्यांच्यासाठी स्वतंत्र दुपार ठेवावी, शेजारी बसावं, घाई करू नये. ट्रंकेतल्या दहा वस्तूंपैकी आठ ठेवायच्या ठरल्या तरी चालेल. ती दुपार वाया गेलेली नसते. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचं कपाट असेल तर तो कोणत्या शनिवार-रविवारी येणार हे आधी ठरवावं लागतं, मग त्याच्या कपाटाला तास किती लागतील याला अर्थ.

काम आपलंच असलं की अंदाज कमी पडतो, हे मानसशास्त्रज्ञांनीही नोंदवलं आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. सगळं बिनसलं तर किती, या प्रश्नाचं त्यांचं उत्तरही ४९ च्या आसपास होतं, म्हणजे तेही कमीच पडलं. पुढे २००४ मध्ये जस्टिन क्रूगर आणि मॅट एव्हान्स यांनी दाखवलं की कामाचे बारीक भाग मांडून अंदाज विचारला तर तो वाढतो आणि खऱ्याच्या जवळ येतो. म्हणून "घर आवरायला किती दिवस?" असं विचारूच नका. माळ्याला किती, दिवाणाखालच्याला किती, कागदांच्या पेटीला किती, असं विचारा आणि बेरीज करा. गेल्या वर्षी घर बदललेल्या शेजाऱ्यांनाही विचारा, पण तुमच्याबद्दल नाही. त्यांना स्वतःला प्रत्यक्षात किती लागले तेवढंच विचारा.

आता सोलापूरचं म्हणून जे वेगळं धरावं लागतं ते.

पाणी. इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरातली पिंपं, हंडे, कळश्या, टाक्या सतत भरलेल्या असतात. ती भांडी शेवटच्या दिवसापर्यंत बांधता येत नाहीत. त्यांचा वेळ टेम्पोच्या दिवसाच्या सकाळीच धरा. माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली की ती घासल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही, आणि घासायला पाणी लागतं. म्हणून माळ्याची बैठक पाणी येण्याच्या दिवशीच लावा. नव्या जागी पाण्याची पाळी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून घ्या आणि तिथली टाकी भरल्यावरच सामान हलवा. जुळे सोलापुरातून बाळ्याला किंवा शेळगीला गेलात तरी पाळी बदललेली असू शकते.

ऊन. शाळांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेकांची घरं एप्रिल-मेमध्ये हलतात, आणि तेव्हा पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी खोकी भरणं कोणाकडून होत नाही, हमालाकडूनही करून घेऊ नये. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर एवढाच वेळ खरा. आठ तासांची बांधाबांध अशी दीड-दोन दिवसांवर जाते. आवराआवर मात्र पंख्याखाली बसून दुपारीही होते. उन्हाळ्यात दोन्ही कामांच्या वेळा अशाच वाटून घ्याव्यात.

संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने शहरातले रस्ते बंद होतात आणि घरात पाहुणे असतात. ते दिवस हिशेबातून सरळ वगळा.

आणि स्वयंपाकघर. इथे आवराआवर म्हणजे खाऊन संपवणं, आणि तिला कितीही माणसं लावली तरी घाई करता येत नाही. आपल्याकडे वर्षाची ज्वारी भरून ठेवायची रीत अजून आहे. शिवाय पापड, कुरडया, डाळी, शेंगदाणे. महिनाभर आधीपासून नवीन भरणं थांबवावं, कोठीत किती उरलंय ते बघावं, आणि न्यायचं असेल तर धान्य छोट्या पोत्यांत विभागावं, म्हणजे एकट्या माणसाला उचलता येईल. लोणच्याची बरणी कधीही खोक्यात घालू नका. तोंडाला प्लॅस्टिक आणि फडकं बांधून ती कोणीतरी हातात धरून न्यावी. शेवटच्या दोन दिवसांसाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही बाजूला ठेवलं की गॅस बंद केल्यावरही घर उपाशी राहत नाही. कडक भाकरी आठवडाभर सहज टिकते, तेव्हा ती आधीच आणून ठेवता येते.

पॅकर्सवाल्यांना बोलावणाऱ्यांचा घोटाळा ही दोन कामं एकच धरल्यामुळे होतो. "एका दिवसात घर बांधून देतो," हे त्यांचं बोलणं बांधाबांधीपुरतं खरं आहे. चार सराईत माणसं तेवढं करतात. पण ती निर्णय घेत नाहीत, समोर दिसेल ते भरतात. फुटका स्टूल, जुनी वर्तमानपत्रं, कचऱ्याची बादलीसुद्धा कागदात गुंडाळून नव्या घरी पोचते, आणि सामान वाढलं की भाडंही वाढतं. ते यायच्या आदल्या रात्री न न्यायच्या सगळ्या वस्तू एका खोलीत टाकून तिला कडी लावा. दागिने आणि कागदपत्रं त्यांच्या हातात देऊ नका. गॅस सिलिंडर ते नेत नाहीत. त्याची व्यवस्था वितरकाकडे आधी करावी लागते आणि तो दिवसही आवराआवरीतच धरायचा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यावा.

गावातल्या गावात हलणाऱ्यांना बांधाबांध हलकी जाते. कपड्यांची बोचकी चादरीत बांधली, भांडी टोपल्यांत घातली, 'छोटा हत्ती' टेम्पोच्या तीन फेऱ्या मारल्या की झालं. जाड सोलापुरी चादर कपाटाच्या आरशाला आणि टीव्हीला गुंडाळायला उत्तम, त्यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. पण "राहिलेलं नंतर नेऊ" म्हणत आवराआवर मागे पडते ती इथेच. किल्ली परत द्यायचा दिवस येतो आणि माळा तसाच असतो. पुण्याला जाणाऱ्यांचं उलटं. अडीचशे किलोमीटरच्या हादऱ्यांना टिकेल असं बांधायला दीडपट वेळ लागतो, पण परत यायची सोय नाही म्हणून आवराआवर मात्र मनापासून होते.

दोन्ही कामं एका बैठकीत करू नका. समोर उघडं खोकं असलं की हात आपोआप "टाक यातच" करतो. एक खोली आवरून झाली की ती बांधा, तोवर दुसरी आवरा. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करून रोजच्याकडे या.

बदलीची ऑर्डर अचानक आली आणि हाती चारच दिवस असतील तर आवराआवर सोडून द्या. चार दिवसांत ती अर्धवट होईल आणि बांधाबांधही बिघडवेल. तीन गोष्टी तेवढ्या आवरा: कागदपत्रं, औषधं आणि स्वयंपाकघर. बाकीच्या बंद जागा जशाच्या तशा खोक्यांत ओता, खोक्यावर मार्करने "न आवरलेलं" आणि जागेचं नाव लिहा, उदाहरणार्थ "न आवरलेलं, दिवाण डावा". नव्या घरी ही खोकी एका भिंतीशी वेगळी लावा. तिथेही दर संध्याकाळी एकच खोकं उघडायचं, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याची दोरी सोडायची नाही.