गोल्फ स्विंग : आधुनिक व्यावसायिकांच्या पद्धती

गोल्फमध्ये जमिनीवर किंवा टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवलेला स्थिर चेंडू मारण्यासाठी खेळाडू क्लब (गोल्फची काठी) अंगाभोवती मागे-वर नेतो आणि त्याच झोकात खाली आणून पुढे सोडतो. या सबंध हालचालीला स्विंग म्हणतात. क्रिकेटमध्ये स्विंग होतो तो चेंडू. इथे स्विंग करतो तो माणूस. ग्रिप (पकड) आणि स्टान्स (उभे राहण्याची ढब), बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणे), डाउनस्विंग (तो खाली आणणे), चेंडूशी गाठ आणि फॉलो-थ्रू हे तिचे टप्पे. समोरून कोणी चेंडू टाकत नसल्याने फटका चुकला तर खापर फोडायलाही कोणी सापडत नाही. (पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहे.)

बडोद्याच्या मराठी वाचकाला हा खेळ अगदीच परका नाही. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात १९३०च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करवून घेतले. त्यांचे नातू, रणजी क्रिकेट खेळलेले समरजितसिंह गायकवाड यांनी १९९०च्या दशकात त्याचे नूतनीकरण करून ते इतरांसाठी खुले केले. मोतीबागेचे क्रिकेट मैदानही याच आवारात. बॅटचा हात आणि क्लबचा हात यांची तुलना इथे आपोआप होते, आणि ती उपयोगीही पडते.

व्यावसायिकांच्या स्विंगमध्ये दिसायला जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण तो बहुतेक सगळा चेंडूशी गाठ पडण्याच्या आधीचा आणि नंतरचा. प्रत्यक्ष गाठ सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकी टिकते. तेवढ्यात क्लबफेस (क्लबचा चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग) कुठे बघत होता, क्लब कोणत्या वाटेने आणि किती वेगाने आला, चेंडू फेसच्या मध्यावर बसला का, एवढेच चेंडूला कळते. अमेरिकेच्या पीजीए टूर या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबच्या) डोक्याचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर असतो आणि चेंडू त्याच्या जवळपास दीडपट वेगाने सुटतो. या वेगात क्लबफेस एक अंशाने जरी उघडा, म्हणजे लक्ष्याच्या उजवीकडे बघत राहिला, तर अडीचशे मीटरवर चेंडू निव्वळ दिशेमुळे चारेक मीटर बाजूला पडतो. वळण मिळाले तर आणखी लांब. चेंडू क्लबच्या वाटेने सुटतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो, असे पूर्वी शिकवत. रडारवर चालणारी मापनयंत्रे आल्यावर हे उलटे निघाले: चेंडू सुटतो तो मुख्यतः फेस बघत असेल त्या दिशेला, आणि वळतो तो फेस व वाट यांच्यातल्या फरकामुळे.

‘बरोबर दिसणाऱ्या’ स्विंगची कल्पना मोडीत काढणारे सर्वांत ठळक उदाहरण जिम फ्युरिकचे. त्याचा क्लब अंगापासून दूर, जवळजवळ उभा वर जातो आणि वरून खाली येताना एक गिरकी घेऊन पाठीमागे, योग्य वाटेवर उतरतो. समालोचकांनी या गिरकीची यथेच्छ थट्टा केली. त्याच स्विंगवर तो २००३ साली यूएस ओपन (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकला आणि २०१६ साली १८ खड्ड्यांच्या एका फेरीत अवघे ५८ फटके नोंदवून त्याने पीजीए टूरचा विक्रम केला. त्याला शिकवणारे त्याचे वडील. त्यांनी ही गिरकी काढून टाकण्याच्या भानगडीत न पडता ती दर वेळी तशीच घडेल याकडे लक्ष दिले. बडोद्याकडून खेळलेले विजय हजारे आठवावेत. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची त्यांची ढब कोणत्याही शिकवणीत बसत नव्हती, धावा मात्र थांबत नव्हत्या. फ्युरिकची जातकुळी तीच.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वाधिक चर्चा झाली ती डाव्या मनगटाची. डस्टिन जॉन्सनचे डावे मनगट बॅकस्विंगच्या टोकाला तळव्याच्या बाजूला स्पष्ट वाकलेले असते. जुने प्रशिक्षक याला दोष मानत, कारण त्याने क्लबफेस मिटतो आणि चेंडू डावीकडे पळायची भीती असते. जॉन्सन यावर तोड काढतो ती कमरेने: डाउनस्विंगमध्ये तो धड इतके जोरात उघडतो की फेस मिटायला अवकाशच मिळत नाही. २०२०चे मास्टर्स (ही त्या चारांपैकी दुसरी स्पर्धा) त्याने २६८ फटक्यांत, विक्रमी धावसंख्येने जिंकले. (गोल्फमधली ही ‘धावसंख्या’ कमी असावी लागते, हे क्रिकेटवाल्यांना पहिल्यांदा सांगावेच लागते.) कॉलिन मोरिकावाचे मनगटही असेच, पण त्याचा भर लांबीपेक्षा आयर्नच्या (मध्यम पल्ल्याच्या, धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांच्या) अचूकतेवर आणि डावीकडून उजवीकडे हलकेच वळणाऱ्या फेडवर. हॉन राम त्याच कुळातला, मात्र त्याचा बॅकस्विंग अगदी आखूड. जन्मतः त्याचा उजवा पाय वाकडा होता. उपचारानंतरही घोट्याची हालचाल मर्यादित राहिली. हात आणखी मागे नेले तर तोल टिकत नाही, म्हणून स्विंग आखूड, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. बॅकस्विंग आखूड ठेवा असा सल्ला रामकडे बोट दाखवून देणारे लोक हे कारण सहसा विसरतात.

ब्रायसन डिशॅम्बो वेगळ्याच वाटेने गेला. भौतिकशास्त्र शिकलेल्या या खेळाडूने सर्व आयर्न एकाच लांबीचे, साडेसदतीस इंचांचे करून घेतले. एरवी आयर्नगणिक लांबी बदलते आणि तिच्याबरोबर उभे राहणेही. डिशॅम्बोचे हात उंच, डावा दंड आणि क्लबची दांडी जवळजवळ एका रेषेत, मनगटांची हालचाल शक्य तितकी कमी. एकाच प्रतलात क्लब फिरवण्याची ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे. कॅनडाचा मो नॉर्मन कितीतरी आधी तसेच मारत असे. डिशॅम्बोने २०२० आणि २०२४ अशी दोनदा यूएस ओपन जिंकली, तरी एका लांबीच्या आयर्नची प्रथा टूरवर रुजली नाही.

पायांकडे पाहिले तर आणखी गंमत. स्कॉटी शेफलर फटका मारताना उजवा पाय घसरवत मागून डाव्या पायाकडे आणतो. चिखलात पाय सटकल्यासारखे वाटते. रॉरी मॅकिलरॉय डाउनस्विंगच्या सुरुवातीला जमिनीत दबतो आणि गाठ पडण्यापूर्वी डावा गुडघा ताठ करत वर उसळतो. उंची बेताची असूनही त्याचा चेंडू तीनशे यार्डांच्या पलीकडे जातो तो या उसळीमुळे आणि कमरेच्या वेगामुळे. डावखुरा बबा वॉटसन तर कोणाकडे शिकलाच नाही. फटक्यानंतर त्याचे पाय नाचत राहतात, आणि त्याच्याकडे दोन मास्टर्स आहेत. तिघांचेही पाय जमिनीला रेटा देतात, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पाय जमिनीला खिळवून ठेवा, हा जुना उपदेश यांच्यापैकी एकालाही लागू पडत नाही.

टायगर वुड्सची तुलना मात्र त्याच्याशीच करावी लागते. १९९७चे मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकल्यावरही त्याने बुच हार्मनबरोबर स्विंग नव्याने घडवला आणि २००० साली यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली. पुढे हँक हेनी, मग शॉन फोली असे प्रशिक्षक बदलले तसे स्विंगचे प्रतलही बदलले. जिंकणारा स्विंग मोडण्याचे हे धाडस इतरांनी करावे की नाही, याबद्दल प्रस्तुत लेखकाला शंकाच आहे.

लयीबाबत व्यावसायिकांत आश्चर्यकारक साम्य आढळते. बॅकस्विंगला लागणारा वेळ डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट असतो, मग खेळाडू संथ दिसो वा घाईचा. हिदेकी मात्सुयामा बॅकस्विंगच्या टोकाला क्षणभर थांबतो. कोरियाची इन्बी पार्क मनगट फारसे न दुमडता अतिशय सावकाश क्लब उचलते. रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक तिच्या नावावर आहे. ज्याने आखाड्यात मुद्गल फिरवले आहेत त्याला ही लय पटकन कळते: मनगट आवळले की वजन हाताला ओढते, सैल सोडले की वजन स्वतःच फिरते. माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा सांगणाऱ्या बडोद्याला हे नव्याने सांगायला नको.

भारतीयांत एस. एस. पी. चौरसियाचा उल्लेख करायला हवा. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर वडील हिरवळीची निगा राखत. मुलगा सभासदांचे खेळ बघत शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. त्याचा चेंडू फार लांब जात नाही, त्याची भरपाई तो ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या हिरवळीच्या) आसपास करतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोकही त्याच पठडीतली.

हौशी खेळाडूने तुलनेसाठी कोणाला निवडावे? साधारण हौशी पुरुषाच्या ड्रायव्हरचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एलपीजीए टूरवरील व्यावसायिक महिलांइतका असतो. तेव्हा मॅकिलरॉयपेक्षा पार्क किंवा अदिती बघणे फायद्याचे. पण बघितले जातात ते पुरुषच.

क्रिकेटमधून आलेल्यांचा खास रोग म्हणजे स्लाइस, उजवीकडे केळ्यासारखा वळणारा फटका. ड्राइव्ह मारताना बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे रोखून धरायची सवय जडलेली असते. गोल्फमध्ये बॅकस्विंगला उघडलेला फेस खाली येताना मिटावा लागतो आणि त्यासाठी हाताच्या पुढच्या भागाला वळू द्यावे लागते. ते वळत नाही, फेस उघडा राहतो आणि चेंडू झाडीत जातो. मग मागून गुजरातीत हमखास ऐकू येते, “काका, माथुं नीचे राखो!” डोके खाली ठेवून फेस मिटत नाही, पण काका मान खाली घालून पुढचा चेंडू टीवर ठेवतात.

आता प्रत्येक जण मोबाइलवर स्वतःचा स्विंग टिपून व्यावसायिकाच्या शेजारी लावतो. त्यासाठी कॅमेरा लक्ष्यरेषेला समांतर, हाताच्या मुठींच्या मागे आणि त्यांच्याच उंचीवर हवा. तो बॅगेला टेकवून जमिनीवर ठेवला किंवा वीतभर बाजूला सरकला, तर चांगली वाटही वाकडी दिसते आणि नसलेला दोष दुरुस्त करण्यात महिना जातो.