‘एक’ म्हणायची पाळी कोणावर?

पाचवीत विभाजक आणि विभाज्य शिकताना मुलांच्या वह्या याद्यांनी भरतात: २४ चे विभाजक, ३६ चे विभाजक. याद्या बरोबर असतात, पण त्या संख्यांशी मुलांची ओळख काही होत नाही. ती व्हावी म्हणून ‘जुनिपर ग्रीन’ हा खेळ मला फार मोलाचा वाटतो. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या याच नावाच्या वस्तीतल्या शाळेत एका शिक्षकाने तो तयार केला. १९९७ मध्ये गणितज्ञ इयन स्ट्युअर्ट यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यावर लिहिलं.

फळ्यावर १ ते १०० लिहायचे. पहिला खेळाडू एक सम संख्या खोडतो. पुढच्याने तिचा विभाजक किंवा तिच्या पटीतली संख्या खोडायची, आणि असंच आळीपाळीने चालू ठेवायचं. ४२ नंतर ७ चालेल, ८४ चालेल, ९ नाही. खोडलेली संख्या पुन्हा घेता येत नाही. ज्याला पुढची संख्या मिळत नाही, तो हरला.

पहिली संख्या समच का? हे सांगू नये. तो नियम काढून खेळू द्यावं. कोणीतरी ९७ ने सुरुवात करतं. ९७ मूळ संख्या, आणि तिची दुप्पट शंभराच्या पलीकडे, म्हणून समोरच्याला १ घेण्यावाचून गत्यंतर नाही. मग पहिला ८९ खोडतो आणि डाव संपतो. मूळ संख्येची व्याख्या दहादा घोकून जे होत नाही, ते इथे एका डावात होतं.

सम संख्येचा नियम परत आणला तरी १ चा धोका राहतोच. ज्याला १ म्हणावं लागेल तो हरणार, हे कळलं की सगळा खेळ एकमेकाला १ कडे ढकलण्याचा होतो. ९४ ने सुरुवात केली तर समोरचा ४७ घेतो. ४७ ला ९४ आणि १ सोडून सोबती नाही, म्हणून पहिला अडकतो. याउलट ५८ ने सुरुवात करणारा नीट खेळला तर नक्की जिंकतो. एक डाव असा: ५८, २९, ८७, ३, ५७, १९, ९५, ५, ८५, १७, ५१, १, ९७. यात दुसऱ्या खेळाडूला २९ च्या जागी २ घेता येतो. मग ६२, ३१, ९३ वरून डाव पुन्हा ३ वरच येतो आणि पुढे तेच. बाकी प्रत्येक वेळी त्याच्यापुढे १ किंवा आणखी एकच संख्या असते. मुलांनी हा डाव स्वतः तपासावा, कुठे पळवाट सापडते का ते शोधावं. तपासताना शंभरच्या आतले सगळे विभाजक आपोआप डोळ्यांखालून जातात.

हरण्याची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी सगळ्यांनी मिळून साखळी करावी: याच नियमाने जास्तीत जास्त किती संख्या ओवता येतील? आजवरची सर्वांत लांब साखळी ७७ संख्यांची आहे. शंभरही का बसत नाहीत, याचं अर्धं उत्तर पाचवीच्या मुलालाही काढता येतं. ५० ते १०० मध्ये १० मूळ संख्या आहेत आणि त्या फक्त १ लाच जोडता येतात. लांब साखळीत त्यांतली एकच, तीही टोकाला बसते. उरलेल्या ९ बाहेर राहतात, म्हणून ९१ च्या वर कोणीच जाऊ शकत नाही.