वाळू, मणी आणि तिमाही अहवाल

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी ७२ लिहित्या हातांना कविता करायला बसवलं. प्रत्येकाने पाच-पाच ओळींच्या दोन कविता लिहायच्या. मधल्या वेळात एका गटाला ‘मी का लिहितो?’ याच्या कारणांचा क्रम लावायला सांगितला. कारणं होती पैसा, नाव, शाबासकी अशी. दुसऱ्या गटाच्या यादीत लिहिण्यातली मजा होती. तिसऱ्याला यादीच दिली नाही. मग १२ कवींनी कविता तपासल्या, आणि पहिल्या गटाची दुसरी कविता चांगलीच फिकी निघाली. कुणाला छदामही मिळाला नव्हता. मन काही मिनिटं तिकडे वळलं, एवढंच. मजेच्या यादीने मात्र फारसा फरक पडला नाही. ती ओढ त्यांच्यात आधीपासूनच होती.

स्वयंसेवी संस्थेत माणसं बहुधा अशीच ओढीने येतात. मग सुरू होतात तिमाही अहवाल: किती बैठका, किती लाभार्थी, किती टक्के उद्दिष्ट पूर्ण. पाड्यावर कार्यकर्तीला काय सुचलं, याला रकाना नसतो. हिशेब हवाच, पण रोज त्याचीच यादी डोळ्यांपुढे नाचवली तर कवितेचं जे झालं तेच कामाचं होतं. (म्हणून पगार कमी द्यावा, असं मात्र कुणी समजू नये. ‘सेवा आहे’ म्हणत पदरमोड करायला लावणं हा वेगळाच अन्याय. किराण्याची चिंताही मनाला बाहेरच खेचते.)

अमाबिले यांचा सल्ला असा: कुठे पोचायचं ते स्पष्ट सांगा, वाट ज्याची त्याला शोधू द्या.

गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेपुढे असंच एक पक्कं ठिकाण होतं: बाळाचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा. खूण सोपी आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्याचे वर्षभरापर्यंत ५०. पण गावातल्या सुईणींना एवढं मोजता येत नव्हतं. त्यांना आकडे शिकवत बसण्याऐवजी अभय बंग आणि सहकाऱ्यांनी मोजण्याची रीतच बदलली. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी, अशी लाकडी पट्टी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकला, की औषध सुरू करायचं.