तापलेल्या जमिनीतून क्षेपणास्त्र ओळखायचं कसं?

एप्रिल सरता सरता मराठवाड्यात परभणीचा पारा 43-44 अंशांवर जातो आणि काळी जमीन हवेपेक्षाही जास्त तापते. कुणी धुरे पेटवतं, कुणी पऱ्हाटी. तोड झालेल्या उसाच्या फडात पाचट जळत असतं, वीटभट्ट्या रात्रंदिवस धगधगत असतात, परळीला औष्णिक वीज केंद्र आहेच. दुसऱ्या देशाने क्षेपणास्त्र डागल्याची पहिली खबर देणारे लष्करी उपग्रहही उष्णताच शोधतात, तेही सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून. मग पेटलेला धुरा पाहून त्यांचा भोंगा का वाजत नाही? या तंत्रज्ञानातला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रश्न हाच, कारण त्याचं निम्मं उत्तर आपल्या हवेतच आहे.

तापलेली कोणतीही वस्तू अवरक्त किरण सोडते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. उन्हाने तापलेल्या रानाचे किरण मुख्यतः 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतात. क्षेपणास्त्राच्या शेपटाचं तसं नाही. इंधन जळून त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड प्रचंड तापून बाहेर पडतात आणि हे वायू 2.7 व 4.3 मायक्रॉनच्या पट्ट्यांत लख्ख चमकतात.

खरी गंमत पुढे आहे. हेच दोन वायू आपल्या हवेतही आहेत आणि जे किरण ते सोडतात, नेमके तेच शोषूनही घेतात. त्यामुळे 2.7 मायक्रॉनवर डोळा लावलेल्या उपग्रहाला खालची जमीन जवळजवळ काळोखी दिसते. पाचटाची आग, भट्टी, तापलेलं रान, सगळ्यांचे या पट्ट्यातले किरण वरची दमट हवा गिळून टाकते. क्षेपणास्त्र मात्र मिनिटभरात या दाट हवेच्या वर, साधारण 10 किलोमीटरच्या पलीकडे पोचतं. वर बाष्प फारच थोडं, म्हणून काळोख्या पाटीवर एकदम तेजस्वी ठिपका उमटतो. शेतातल्या आगी शोधणारे उपग्रह बरोबर उलट करतात. आपल्या इन्सॅट-3डी मालिकेतल्या उपग्रहांना 3.8 ते 4 मायक्रॉनचा एक डोळा दिलेला आहे, कारण तिथे हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते.

दुसरी खूण हालचालीची. क्षेपणास्त्रांची खबर देणाऱ्या अमेरिकेच्या डीएसपी मालिकेतला पहिला उपग्रह 1970 च्या नोव्हेंबरमध्ये गेला. तो मिनिटाला 6 वेळा स्वतःभोवती फिरायचा, म्हणजे दर 10 सेकंदांनी त्याच जागेवर पुन्हा नजर. आग जागच्या जागी राहते, क्षेपणास्त्राचा ठिपका सरकत जातो. 1991 च्या आखाती युद्धात इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांची खबर याच उपग्रहांनी दिली. काही मिनिटांत इंजिन विझतं, ठिपका मावळतो आणि पुढचा माग रडारने काढायचा असतो. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाआडचं क्षेपणास्त्र रडारला दिसत नाही. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला क्षेपणास्त्राला जेमतेम अर्धा तास लागतो. म्हणून उपग्रहाने आधी मिळवून दिलेल्या मिनिटांना इतकी किंमत आहे.

पण हवेच्या या झाकणालाही एक फट आहे. उंचावरचे ढग बहुतेक बाष्पाच्या वर असतात आणि त्यांच्यावर ऊन तिरकं पडलं की ते 2.7 मायक्रॉनमध्येही चमकू शकतं. 26 सप्टेंबर 1983 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मॉस्कोच्या दक्षिणेकडील सेर्पुखोव्ह-15 केंद्रात हेच घडलं. ‘ओको’ या सोव्हिएत इशारा-उपग्रहांच्या यंत्रणेने अमेरिकेतून आधी एक आणि मग आणखी 4 क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. कामावर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह. अणुयुद्ध सुरू करणारा देश फक्त 5 क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, असा विचार त्यांनी केला. जमिनीवरच्या रडारलाही काही दिसत नव्हतं. त्यांनी वर कळवलं: इशारा खोटा आहे. आणि तो खोटाच होता. लांबट कक्षेतल्या त्या उपग्रहाला ढगांवरून परतलेलं ऊन दिसलं होतं. त्या एका माणसाच्या विचारी डोक्याचं ऋण तेव्हा जिवंत असलेल्या प्रत्येकावर आहे, असं मी मनापासून मानतो.

हा दोष पुढे भूस्थिर कक्षेतल्या, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेच्या वर राहणाऱ्या, दुसऱ्या उपग्रहाशी पडताळा घेऊन दूर करण्यात आला. ढगावरची चकाकी एका विशिष्ट कोनातूनच दिसते, तर क्षेपणास्त्राचा जाळ सर्व बाजूंनी. दोन वेगळ्या दिशांच्या उपग्रहांना एकाच वेळी, एकाच जागी ठिपका दिसला, तर तो उन्हाचा असण्याची शक्यता फारच कमी उरते.