बायकांचा परस्यूट: ऑलिंपिकमधून गेला कसा, ४ किलोमीटरचा झाला कसा

२०२५ पासून ट्रॅक सायकलिंगमधला बायकांचा इंडिव्हिज्युअल परस्यूट ४ किलोमीटरचा झाला, म्हणजे पुरुषांइतकाच. परस्यूट म्हणजे दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात अन् घड्याळाशी लढतात ती रेस. चांगलंच झालं. पण आता सगळे "बरोबरी आली, बरोबरी आली" म्हणून राहिले ना, त्यांना मागचं माहीत नसावं, कारण बरोबरीचंच नाव सांगून ही रेस आधी ऑलिंपिकमधून काढली होती. म्हणून हे लिहितो.

जुनं थोडक्यात. बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५८ ला सुरू झाली, पॅरिसमध्ये, अन् परस्यूट पहिल्या वर्षापासून होता, ३ किलोमीटरचा. पहिलं टायटल सोव्हिएत युनियनकडं. मग १९५९ ते १९६६ मध्ये यॉर्कशायरच्या एका बाईनं ५ वेळा जिंकला, ती रुबार्बच्या शेतात कामाला जायची, म्हणजे दिवसभर वाकून शेतकाम अन् वरून सायकल. आपल्याकडं वावरात निंदायला जाणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगायची गरज नाही. पुढं एका सोव्हिएत बाईची ६ टायटलं, नंतर एका अमेरिकन बाईची ६. ऑलिंपिकमध्ये मात्र पुरुषांचा परस्यूट १९६४ पासून अन् बायकांचा थेट १९९२, बार्सिलोना. म्हणजे वर्ल्ड टायटल सुरू होऊन ३४ वर्षं झाल्यावर!

खरी मजा २००४ ला आली. न्यूझीलंडची रायडर मे महिन्यात मेलबर्नला ३:३०.६०४ चा वर्ल्ड रेकॉर्ड करते, सगळे म्हणतात वा, अन् ऑगस्टमध्ये अथेन्सच्या फायनलला तीच बाई ३:२४.५३७ मारते. तीन महिन्यांत सहा सेकंद! या रेसमध्ये लोक दशांश सेकंदासाठी वर्षवर्ष मरतात, तिथं सहा सेकंद म्हणजे काय ते बघा. २००८ ला बीजिंगला जिंकली ती ब्रिटनची, आधीच्या ऑलिंपिकमध्ये तिला रोइंगचं सिल्व्हर होतं, म्हणजे नाव वल्हवणारी बाई चार वर्षांत सायकलवर आली अन् गोल्ड घेऊन गेली. रेस जोरात होती, मेली वगैरे नव्हती.

अन् डिसेंबर २००९ मध्ये निर्णय आला की २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला परस्यूट नाही, पुरुषांचाही नाही, बायकांचाही नाही.

कारण काय दिलं, तर समानता. हिशोब वरून बरोबर दिसतो. बीजिंगला ट्रॅकवर पुरुषांच्या ७ रेस अन् बायकांच्या ३, हे वाईटच होतं, कोणी नाही म्हणणार नाही. एकूण आकडा १० च ठेवायचा होता, म्हणून दोन्हीकडं ५-५ केल्या. पण आत पाहा ना. बायकांच्या त्या ३ कोणत्या होत्या? स्प्रिंट, परस्यूट अन् पॉइंट्स रेस (घोळक्यानं लांब पळायची, मधेमधे पॉइंट मिळवायची). त्यातल्या शेवटच्या दोन काढल्या अन् टीम स्प्रिंट, टीम परस्यूट, केरिन (पुढच्या मोटरबाइकमागं वेग घेऊन मग मारायची स्प्रिंट), ऑम्नियम (अनेक रेसचा मिळून एकच निकाल) आणल्या. म्हणजे बायकांना संख्या मिळाली पण ज्या बाया दमाच्या रेससाठी वर्षानुवर्षं तयार झाल्या त्यांच्याच रेस गेल्या. त्याआधी ५०० मीटर टाइम ट्रायल गेलीच होती, बीएमएक्सला जागा करायला, अथेन्सनंतर. काहून दर वेळी घड्याळाशी एकटीनं लढायचीच रेस जाते? माझ्या मते टीव्ही. एका वेळी ट्रॅकवर दोघीच, धक्काबुक्की नाही, पडापडी नाही, बघणाऱ्याला घड्याळ वाचता यावं लागते. आपल्याकडं शंकरपट बघणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, कोणती जोडी किती सेकंदात गेली हे तो न विचारता सांगते, पण टीव्हीवाल्यांना कोण सांगणार.

निर्णय घेणाऱ्यांची बाजूही सांगतो. परस्यूट पूर्ण गेला नाही, ऑम्नियममधल्या सहापैकी एक रेस म्हणून राहिला, लंडनला अन् रिओला. पण त्यानं काय झालं? लंडनला बायकांच्या ऑम्नियममध्ये सिल्व्हर मिळालं त्या अमेरिकन रायडरकडं तेव्हा ३ किलोमीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड होता, २०१० ला मेक्सिकोत मारलेला, ३:२२.२६९. तिचं गोल्ड एका पॉइंटनं गेलं. तिची स्वतःची रेस ठेवली असती तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, पण विचारायला तर लागतेच ना. टोकियोपासून ऑम्नियममध्ये चारच रेस ठेवल्या, चारही घोळक्याच्या, तिथूनही परस्यूट गेला. त्याच टोकियोला मॅडिसन (दोघांच्या जोडीनं आळीपाळीनं पळायची रेस) परत आणली, तीही २००९ लाच काढली होती. म्हणजे परत आणता येते, मनात असलं तर.

याचा आपल्याशी काय संबंध? घोळक्याची रेस शिकायला घोळका लागतो, बँकिंगवाला, म्हणजे उतरत्या वळणांचा, ट्रॅक लागतो, महाराष्ट्रात ट्रॅक म्हटलं की बालेवाडी, अन् दारव्हा-दिग्रसच्या पोरीला ते किती लांब ते सांगायला नको. परस्यूटची निम्मी तयारी मात्र रिकाम्या डांबरी रस्त्यावर एकटीनं होते, पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत. सायकल महाग लागते हे खरं, पण दम अन् लय तरी गावात तयार होते. अन् सरकारी पैसा जातो ऑलिंपिकमधल्या रेसकडं, म्हणून कोच पण पोरीला तिकडंच वळवतो.

बरं, अंतराचं. बायकांचा टीम परस्यूट लंडनला तिघींचा अन् ३ किलोमीटरचा होता, रिओला चौघींचा अन् ४ चा. म्हणजे टीममध्ये ४ चालते पण एकटीनं ३ च, अन् हे कित्येक वर्षं तसंच राहिलं. एकच बाई एका दिवशी १६ फेऱ्या मारायची अन् दुसऱ्या दिवशी तिला १२ वर थांबवायचे. त्या काळात ३ किलोमीटर कुठच्या कुठं गेला, २०२० ला बर्लिनमध्ये आणखी एका अमेरिकन रायडरनं ३:१६.९३७ नेला. बदलाला विरोध करणारे म्हणत होते की ६०-६५ वर्षांची रेकॉर्डची यादी बंद पडेल, अन् ती पडलीच. मला तरी त्याचं दुःख नाही, यादी जुनी झाली म्हणून अंतर कमी ठेवायचं हे काही कारण नाही.

४ किलोमीटरची पहिली मोठी स्पर्धा फेब्रुवारी २०२५ ची युरोपियन चॅम्पियनशिप, बेल्जियममध्ये. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानच्या कोन्याला एका ब्रिटिश रायडरनं ४:२० च्या आत नेली. ऑक्टोबरला सँटियागोत पहिलं ४ किलोमीटरचं वर्ल्ड टायटल दुसऱ्या ब्रिटिश रायडरला, शिक्षणानं डॉक्टर असलेली, अन् २०२४ चं शेवटचं ३ किलोमीटरचं टायटल पण तिचंच होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी ट्रॅकच्या १२ रेस मंजूर झाल्या, त्यात परस्यूट फक्त टीमचा आहे.